घाटावरची माणसे आणि खाडीची वेळ : गळाच्या मासेमारीच्या एका कौटुंबिक सहलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातून तळकोकणात छोट्या कौटुंबिक सहली घेऊन जाण्याचे काम मी काही वर्षे करत आहे. त्यातली माझ्या सर्वांत आवडीची आणि आखायला सर्वांत अवघड सहल म्हणजे खाडीतली गळाची मासेमारी. आठ-दहा माणसे, एक फायबरची होडी, तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख आणि त्याचा मदतनीस, हातदोऱ्या, दोन-तीन लहान काठ्या आणि आमिषाला कोळंबी, एवढाच तिचा पसारा असतो. तीन-साडेतीन तासांत किनारा एकदाही नजरेआड होत नाही. मासे किती मिळाले यापेक्षा आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाच्या हातात दोरी आली का, आणि सगळे न घाबरता, न दमता परतले का, हे मी पाहतो.

इथे मांडलेले प्रकरण एका फेब्रुवारी महिन्यातले आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही बारीक तपशील गाळले आहेत. घटनाक्रम जसाच्या तसा आहे. कुटुंबात दोन भाऊ, त्यांच्या पत्नी, चार मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी, असे नऊ जण होते. मुलांतली सर्वांत धाकटी सहा वर्षांची होती. थोरले बंधू बँकेत नोकरीला असल्याने दुसरा शनिवार आणि रविवार त्यांच्या सोयीचा होता, आणि तारीख तेवढ्याच आधारावर ठरली. लहानपणापासून भोगावती नदीच्या काठी गांडूळ लावून गळ टाकण्याची सवय असल्यामुळे मासेमारी त्यांना नवी नव्हती. त्यांची इच्छा एकच होती, समुद्रात जाऊन सुरमई धरायची.

आमच्या माहितीपत्रकात "खाडी आणि समुद्रातील गळाची मासेमारी" असे शब्द होते. ते मीच लिहिले होते आणि पुढच्या गोंधळाचे एक मूळ त्यातच होते.

ठिकाण देवबाग. मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदीची खाडी आहे. पट्टीच्या दक्षिण टोकाशी खाडी समुद्राला मिळते आणि पलीकडच्या तीरावर भोगवे दिसते. राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली, कसाल या मार्गाने कोल्हापूरहून तिथपर्यंतचे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. घाट धरता चार तासांहून कमी वेळात हे अंतर कापता येते, असे समजू नये.

अडचण

तो शनिवार पौर्णिमेचा होता. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण येते, म्हणजे भरती नेहमीपेक्षा जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते आणि तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी आत-बाहेर होत असल्याने खाडीतल्या प्रवाहाची ओढही वाढते. अष्टमीच्या आसपास याच्या उलट भांग असतो. पाणी कमी हलते आणि होडी नांगरावर शांत राहते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात. पौर्णिमेची पंधरावी तिथी घेतली तर उत्तर सव्वाअकरा येते, आणि त्या दिवशी पूर्ण भरती खरोखर अकराच्या सुमारासच होती. त्यानंतर संध्याकाळी पाचपर्यंत ओहोटी.

मी आखलेला बेत त्याच हिशेबाचा होता. पहाटे पाचला कोल्हापूर सोडायचे, साडेनऊपर्यंत देवबाग गाठायचे, दहाला होडीत बसायचे, भरती पूर्ण होऊन पाणी थबकले की तांडेलाचा होकार असेल तर खाडीच्या मुखाबाहेर, म्हणजे समुद्रात, थोडे जायचे आणि दुपारचा वारा उठण्याआधी परत फिरायचे. हा बेत मी कुटुंबाला वेळापत्रकाच्या रूपात पाठवला होता. त्यात वेळा होत्या, पण त्या वेळाच का, हे एका ओळीनेही सांगितलेले नव्हते.

प्रत्यक्षात कुटुंब पावणेआठला निघाले. राधानगरीला नाश्ता झाला, आणि धाकट्या भावाच्या पत्नीला गाडी लागल्यामुळे फोंडाघाटात दोनदा थांबावे लागले. देवबागला पोचायला एक वाजला. जेवून सगळे होडीपाशी आले तेव्हा अडीच वाजले होते. सुट्टीवर निघालेल्या घरात असा उशीर होतोच आणि त्याचा दोष मी त्यांना देत नाही. कोल्हापूरच्या माणसाला अडीच वाजताचे पाणी आणि साडेदहाचे पाणी वेगळे असते, हे माहीत असण्याचे काही कारण नाही. आमच्या नद्या पूर्वेला वाहतात आणि एकाच दिशेने वाहतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांची पंचगंगा होते, ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि सकाळचे पाणी दुपारी उलटे फिरले असे आम्ही कधी पाहिलेले नसते. खाडीचे पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलते.

थोरले बंधू मात्र ठाम होते. "एवढा घाट उतरून आलोय आम्ही, आता समुद्र लांबनंच बघायचा व्हय?" असे त्यांनी मला विचारले. माहितीपत्रकातली ओळ त्यांच्या मोबाइलवर उघडीच होती.

तांडेल साठीच्या घरातले, मोजके बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांनी वाद घातला नाही. होडी तिथेच ठेवून दोघा भावांना आणि मला ते वाळूवरून चालत टोकापर्यंत घेऊन गेले. खाडीचे गढूळसर पाणी मुखातून बाहेर धावत होते, वायव्येचा खारा वारा समोरून आत घुसत होता आणि दोन्हींची गाठ पडत होती तिथे लाटा भिंतीसारख्या उभ्या राहून जागच्या जागी कोसळत होत्या. त्या पट्ट्याच्या पलीकडे समुद्र निळा आणि अगदी साधा दिसत होता, आणि फसगत नेमकी इथेच होते. बाहेर पडणाऱ्या प्रवाहाला लाट सामोरी आली की तिची लांबी आखडते, उंची वाढते आणि उथळ वाळूवर ती फुटते. तिच्यातून आत येणारी होडी मागून उचलली जाऊन आडवी फिरू शकते. "काकानू, आज भायर नको. तोंडार लाट फुटता," एवढेच तांडेल म्हणाले आणि नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिले.

ते माझ्याकडे का पाहत होते, हे मला पुढे काही दिवसांनी उमगले. त्याकडे शेवटी येतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ठरल्याप्रमाणे बाहेर जाण्याचा होता. त्याच्या बाजूने मुद्देही होते. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा, म्हणजे इनकॉइसचा, लाटांचा अंदाज मी गुरुवारीच पाहिला होता आणि त्यात काळजीचे काही नव्हते. दिवस स्वच्छ होता. परंतु तो अंदाज खुल्या समुद्रासाठी असतो, उधाणाच्या ओहोटीत एखाद्या खाडीच्या तोंडावर काय होईल हे तो सांगत नाही. शिवाय घाटात दोनदा गाडी लागलेल्या बाईंना बाहेर बोट लागणार हे उघड होते, आणि अशा वेळी उलटीची गोळी आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरा पर्याय थोरल्या बंधूंनीच सुचवला. मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या खडकांपाशी गळ टाकता येईल का, असे त्यांनी विचारले. सूचना स्वाभाविक होती, खडकांभोवती मासा असतोच. पण मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आहे, त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे आणि किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तिथे मासेमारी करता येत नाही. हा पर्याय दोन मिनिटांत निकालात निघाला.

सहल रद्द करून पैसे परत करणे हा तिसरा पर्याय होता. तो सर्वांत सोपा होता, परंतु नऊ माणसांना दीडशे किलोमीटर आणून किनाऱ्यावर बसवणे मला पटेना.

चौथा पर्याय होडी लगेच खाडीत वरच्या अंगाला नेण्याचा होता. सुरक्षित होता, पण त्या वेळी निरुपयोगी. भर ओहोटीत नांगरावरच्या होडीतून सोडलेली दोरी तळाला न जाता मागे आडवी तरंगते. दोरीला वजनासाठी बांधलेले हलके शिसे टिकत नाही, जड शिसे लावले तर लहान मुलाच्या बोटांना माशाचा झटका कळत नाही. मुले अर्ध्या तासात कंटाळली असती.

पाचवा पर्याय मदतनीसाने बोलता बोलता सुचवला. आज होडी सोडायचीच नाही. पाचच्या सुमारास पाणी थबकेल तेव्हा खाडीच्या काठावर बसून मुलांना दोरी टाकायला शिकवायची, आणि रविवारी सकाळी सातला, भरती चढत असताना आणि जमिनीवरून वाहणारा मतलई वारा मंद असताना, खाडीत जायचे. यासाठी कुटुंबाला पहाटे सहाला उठावे लागणार होते आणि सुरमईचा विषय सोडून द्यावा लागणार होता.

निर्णय आणि कृती

आम्ही पाचवा पर्याय घेतला. तो मी एकट्याने घेतला असे म्हणणे खरे होणार नाही. टोकावरून परत येताना थोरले बंधू गप्प होते. काठावर आल्यावर त्यांनी आपल्या आईला विचारले, आणि आजी म्हणाल्या, "पंचगंगेला पूर आल्यावर बघायला सगळीच जात्यात, पोहायला कोण जातंय?" त्यानंतर चर्चा उरली नाही. बाहेरच्या फेरीसाठी घेतलेली जादा रक्कम परत करीन असे मी तिथेच सांगितले. पैशांचा विषय अशा वेळी माणसे मनात धरून ठेवतात, म्हणून तो उघडपणे मिटवलेला बरा.

संध्याकाळच्या दीड तासाने रविवारची सकाळ वाचवली, असे माझे मत आहे. खाडीच्या काठावर मदतनीसाने चारही मुलांना तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी बोटावर कशी धरायची, कोळंबी शेपटीकडून गरीत, म्हणजे गळाच्या आकड्यात, कशी ओवायची, दोरी फेकताना मागे कोण आहे हे आधी कसे पाहायचे, हे करून दाखवले. मासा एकही लागला नाही, पण होडीत बसण्याआधीच गरीची भीती आणि घाई दोन्ही गेल्या.

रविवारी सकाळी निघताना आणखी एक प्रसंग घडला. सहा वर्षांच्या मुलीला घातलेले लाइफ जॅकेट दिसायला बरोबर होते, सगळे पट्टे आवळलेले होते. तांडेलांनी दोन्ही खांद्यांपाशी जॅकेट धरून हलकेच वर उचलले, तर ते तिच्या कानांपर्यंत आले आणि हनुवटी आत गेली. पाण्यात पडल्यावर नेमके हेच झाले असते. त्यांनी होडी सोडली नाही. शेजारच्या घरून पायांमधून पट्टा येणारे लहान मापाचे जॅकेट आणायला वीस मिनिटे गेली, आणि ती वीस मिनिटे कुणीही कुरकुर केली नाही. मुलांची वये माझ्याकडे आठवडाभर आधीपासून होती. मापे मी मागायला हवी होती.

सव्वासातला आम्ही कांदळवनाच्या कडेने वर गेलो आणि एका वळणावर नांगर टाकला. पाणी चढत होते, पण सावकाश. पहिल्या तासात मुलांना चार मुडदुश्या आणि एक लहान गोबरा मिळाला. आजींच्या दोरीला वीतभर तांबोशी लागली. त्यांनी ती तळहातावर धरून नीट पाहिली आणि "अजून लहान आहे गं," असे नातीला सांगून स्वतःच पाण्यात सोडली.

नऊच्या सुमारास धाकट्या बंधूंना शेंगाळा लागला. हा मासा वर काढला की कण्हल्यासारखा घर्र घर्र आवाज करतो आणि मुले त्याच्याभोवती गोळा होतात. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांशी एक-एक असे ताठ, करवतीसारखे काटे असतात आणि त्यांत विष असते. मदतनीस पक्कड घेऊन येईपर्यंत त्यांनी गरी सोडवायला हात घातला आणि काटा अंगठ्याच्या मुळाशी रुतला. त्यांचा चेहरा क्षणात पांढरा पडला. तांडेलांच्या पिशवीत गरम पाण्याचा थर्मास होता. तो चहासाठी असावा असे मी आदल्या दिवशी समजलो होतो, पण तो याच कामासाठी होता. त्यांनी पाणी एका टोपात ओतले, खाडीचे थोडे पाणी मिसळून दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने चटका बसत नाही ना ते पाहिले आणि अंगठा त्यात बुडवून ठेवायला सांगितला. या माशाचे विष उष्णतेने निकामी होते; सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात ठेवला की वेदना उतरते. दुखऱ्या हाताला गरमपणा नीट कळत नाही, म्हणून पाणी नेहमी चांगल्या हाताने तपासावे. वीस-पंचवीस मिनिटांत ते बोलू लागले. आम्ही होडी वळवली, काठावर नवे गरम पाणी घेतले आणि नंतर त्यांना मालवणला डॉक्टरांकडे नेले. काट्याचा तुकडा आत राहिलेला नाही याची खात्री करून धनुर्वाताचे इंजेक्शन देण्यात आले.

परिणाम

कुटुंब रविवारी दुपारी मुडदुश्यांचे तळण जेवून निघाले आणि रात्री कोल्हापुरात पोचले. धाकट्या बंधूंचा अंगठा तीन-चार दिवस सुजलेला होता, नंतर उतरला. जादा रक्कम मी सोमवारी परत केली. मुलांनी शाळेत शेंगाळ्याच्या आवाजाची नक्कल करून दाखवल्याचे त्यांच्या आईने कळवले. थोरल्या बंधूंचे समाधान झाले नाही आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितले: सहल चांगली झाली, पण जे सांगितले होते ते झाले नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, तारीख तिथी पाहून ठरवायला हवी होती. दुसरा शनिवार सोयीचा होता हे खरे, आणि बँकेच्या सुट्टीचा चौथा शनिवार अमावास्येच्या जवळ येत होता; पण तिसरा शनिवार भांगाच्या जवळ होता, त्यासाठी फक्त एका दिवसाची रजा लागली असती. अष्टमीला तिथीच्या पाऊणपटीने सकाळी सहाची भरती येते, म्हणजे सकाळभर सावकाश उतरणारे पाणी मिळते आणि तासा-दोन तासांच्या उशिराने सगळा बेत कोसळत नाही. मी हा पर्याय त्यांच्यापुढे ठेवलाच नाही. कुटुंबासाठी आखताना आता मी उधाणाचे दोन-तीन दिवस वगळतो, आणि ज्यांना तेच दिवस हवे असतात त्यांना आदल्या रात्रीच मुक्कामाला यायला सांगतो.

दुसरी गोष्ट, वेळेचे कारण सांगण्याची. पावसाळ्यात कोल्हापूरचा प्रत्येक माणूस पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि पाणी वाढतेय म्हटले की शिरोळकडे जाणारा माणूस आपला बेत न कुरकुरता बदलतो. ही समज आमच्या लोकांत आधीपासूनच आहे, मला ती फक्त खाडीकडे वळवायची होती. आता वेळापत्रकासोबत मी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाठवतो आणि खाली लिहितो की यापुढे उशीर झाल्यास होडी मुखाकडे जाणार नाही. तेव्हापासून पहाटे पाचला निघणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

माहितीपत्रकातला "समुद्र" हा शब्द मी काढला. तिथे आता "खाडीतील गळाची मासेमारी" एवढेच आहे. शेंगाळ्याबद्दलची सूचना काठावरच्या सरावातच दिली जाते, आणि पक्कड मोठ्या माणसाच्या हाताशी बांधलेली असते. टोकावर चालत नेण्याची तांडेलांची रीत मात्र आम्ही उचलून कायम केली आहे. दहा वाक्यांनी जे पटले नसते, ते दोन मिनिटे उभे राहून पाहिल्याने पटले.

उरला तांडेलांच्या त्या नजरेचा प्रश्न. आमच्या व्यवहारात खाडीतल्या फेरीचा एक दर होता आणि बाहेरच्या फेरीचा जवळपास दुप्पट. म्हणजे "आज भायर नको" असे म्हणताना त्यांनी स्वतःची अर्धी कमाई सोडली होती, आणि माझ्याकडे पाहून ते विचारत होते की हा नकार मला मान्य आहे का. ही व्यवस्था मी केली होती आणि इतकी वर्षे तिच्यातली खोट मला दिसली नव्हती. पाणी पाहून नाही म्हणणाऱ्या माणसाला त्या नाहीची किंमत स्वतः मोजावी लागत असेल, तर एखाद्या दिवशी, एखाद्या आग्रही पाहुण्यापुढे, तो हो म्हणेल. त्या दोन दरांचा मी एक दर केला. होडी खाडीत राहिली तरी, मुखाशी जाऊन परत आली तरी, किंवा वारा पाहून काठावरच थांबली तरी, तांडेलांचे पैसे तेवढेच असतात आणि ते आदल्या संध्याकाळी पोचते होतात. कोल्हापूरच्या पाहुण्यांना माणशी थोडे जास्त द्यावे लागतात, आणि ते कशासाठी हे आम्ही त्यांना गाडीत बसण्याआधी सांगतो.